बाबांचे पाय कुणाच्या हद्दीत?

मंगळवार, ९ ऑक्टोबर, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. ही वेळ नीट टिपून ठेव. पुढे कधी कुणी तुला विचारलं की तुझ्या थोरल्या बहिणीनं तुझ्यावर नेमका कधी राग धरला, तर "साधारण सकाळच्या सुमारास" असं मोघम उत्तर द्यायची पाळी येऊ नये. तुमच्या खात्यात हल्ली मोघम काही चालत नाही, असं माझ्या कानावर आलं आहे.

चि. धाकट्यास ताईचे आशीर्वाद. (हे आशीर्वाद तूर्त हंगामी आहेत. कायम करायचे की परत घ्यायचे, हे तुझ्या उत्तरावर ठरेल.)

तुझी पाठ कशी आहे? खुर्चीत बसून बसून ज्यांची पाठ धरते त्यांनी अधूनमधून उठून जमिनीवर चार पावलं टाकावीत, असं डॉक्टर म्हणतात. ज्या जमिनीचे आपण नकाशे काढतो तीच जमीन असेल तर उत्तम, असं मी म्हणते. भावजयीच्या पित्ताला उतार पडला असेल अशी आशा आहे. तिला माझे आशीर्वाद सांग, तिचे मात्र कायमचे आहेत. बाबांची प्रकृती त्यांच्या वयाच्या मानानं उत्तम. ऐकू कमी येतं, दिसतं सगळं. माझा रक्तदाब मंगळवारपर्यंत ठीक होता.

एकाच शहरात राहून पत्र कशाला, असं तुला वाटेल. कारण फोनवर तू "बघतो" म्हणतोस. गेल्या आठवड्यात मी चार वेळा फोन केला आणि चारही वेळा तू बघतो म्हणालास. एवढं बघणारा माणूस माझ्या ओळखीत दुसरा फक्त डोळ्यांचा डॉक्टर आहे. मी आयुष्यभर न्यायालयात निकाल टंकले आहेत. तोंडी बोलण्याला काय किंमत असते आणि शिक्का मारून आवकजावक विभागात दिलेल्या कागदाला काय असते, हे मला कुणी शिकवायला नको. म्हणून हे पत्र. तुझ्या कचेरीत आणून देणार आहे आणि पोच घेणार आहे.

आता हकिगत. ती तुला माहीत आहे असं तू म्हणशील, पण तुला माहीत आहे तो नकाशा. हकिगत मला माहीत आहे.

त्या मंगळवारी गल्लीच्या तोंडाशी तुमच्या मोजणी खात्याची गाडी उभी राहिली आणि तीतून एक मुलगी उतरली. वय पंचविशीच्या आतबाहेर, पायात गुडघ्यापर्यंतचे बूट, खांद्यावर पिवळी तिपाई. (तिचं नाव तिनं सांगितलं होतं, पण मी रागात असल्यामुळे ऐकलं नाही. गल्लीत सगळे तिला आता तिपाईच म्हणतात आणि ती ओ देते.) तिच्या हातात एक लांब काठी आणि काठीच्या टोकावर पांढरी थाळी. ती काठी ती गल्लीच्या तोंडाच्या कोपऱ्यातल्या दगडावर उभी करायची, काठी सरळ आहे का हे दाखवणाऱ्या बुडबुड्याकडे बघत श्वास रोखायची, आणि मग आकाशातले कुठले कुठले उपग्रह तिला म्हणे सांगायचे की बाई, तू इथे इथे उभी आहेस. मी खिडकीतून हे बघितलं आणि मला वाटलं की ज्या मुलीला आपण कुठे उभे आहोत हे विचारायला आकाशात जावं लागतं, तिला मी खिडकीतूनच सांगितलं असतं. ती दातांच्या डॉक्टरांच्या दारात उभी होती.

ती पहिल्या घरापासून एकेक घर मोजत आली. प्रत्येक घराच्या पुढे तिनं लाल रंगाची खूण केली. दातांच्या डॉक्टरांकडे खूण त्यांच्या कुंपणापासून चार बोटं आत आली, तेव्हा कुणाला काही वाटलं नाही. पुढच्या घरी ती आठ बोटं आत. त्याच्या पुढे आणखी. आपल्या शेजारच्या नवव्या घरी, म्हणजे घड्याळवाल्यांकडे, खूण त्यांच्या न्हाणीघराच्या आपल्याकडच्या भिंतीवर न येता पार आत, बादली ठेवतात तिथे आली. आणि मग ती आपल्या फाटकातून आत आली आणि अतिशय नम्रपणे म्हणाली की तिला पूर्वेच्या खोलीत जायचं आहे.

पूर्वेच्या खोलीत कोण असतं हे तुला आठवत असेल अशी अपेक्षा आहे. शेवटचा आलास त्याला बराच काळ झाला, म्हणून सांगते. बाबा असतात.

छताखाली तिच्या उपग्रहांना काही दिसत नाही, म्हणून तिनं दारात तिपाई मांडली, तिच्यावर दुर्बिणीसारखं यंत्र बसवलं आणि त्यातून एक लाल ठिपका सोडला. तो ठिपका जमिनीवरून सरकला, पलंगाच्या पायावर चढला, पांघरुणावरून चालत गेला आणि बाबांच्या गुडघ्यावर थांबला. बाबांच्या पलंगाची मांडणी तुला माहीत आहे. डोकं दाराकडे, पाय पूर्वेच्या भिंतीकडे, म्हणजे सकाळचं ऊन तळव्यांवर येतं. त्यांनी वर्तमानपत्र बाजूला केलं, ठिपका दोनदा झटकला आणि मला म्हणाले, "मुंगी आहे का बघ गं." मुंगी नव्हती. तुझ्या खात्याची हद्द होती. तिपाईच्या म्हणण्यानुसार बाबांचं डोकं, छाती, पोट आणि मांड्या त्यांच्या स्वतःच्या मालकीच्या जागेत आहेत, आणि गुडघ्यापासून खाली ते सरकारी जमिनीवर अतिक्रमण करून झोपलेले आहेत.

बाबांनी विचारलं कोण आलं आहे. मी म्हटलं, टेलिफोनवाले. (कॉन्व्हेंटात सिस्टरांनी आम्हाला खोटं बोलू नये असं शिकवलं, पण संकटात लगेच काय बोलावं हे शिकवलं नाही. हा त्या शिक्षणातला दोष मी नंतरही अनेकदा अनुभवला आहे.) बाबा थोडा वेळ त्या यंत्राकडे बघत राहिले.

"टेलिफोनला तिपाई कशाला लागते?"

"नवीन पद्धत आहे, बाबा."

 त्यांनी पुन्हा वर्तमानपत्र वर केलं. पण ते पान उलटत नव्हते हे मी बघितलं.

मी का खोटं बोलले, हे तुला सांगायला नको; पण हे पत्र तुझ्या आवकजावकमधली इतर माणसंही वाचणार, म्हणून त्यांच्यासाठी लिहिते. ही गल्ली बाबांनी आखली. तुझ्याच कचेरीत ते तरुणपणी मोजणीदार होते. तू पाळण्यात होतास तेव्हा त्यांनी शंभर कड्यांची लोखंडी साखळी टाकून इथे दहा भूखंड पाडले, प्रत्येकाची रुंदी बरोबर अर्धी साखळी, दहांच्या मिळून पाच साखळ्या. कोपऱ्याकोपऱ्यावर दगड पुरले. नाल्याकडेचा शेवटचा भूखंड कुणालाच नको होता, म्हणून तो आखणाऱ्याला मिळाला. गेल्या कित्येक वर्षांत या गल्लीत भिंतीवरून एकही भांडण झालं नाही. भांडणं पुष्कळ झाली, पण ती गाण्यावरून, गाड्यांवरून, मांजरांवरून. भिंतीवरून कधीच नाही, कारण भिंत कुणी मोजली आहे हे सगळ्यांना माहीत होतं. बाबांना पेन्शन मिळते ती त्या कामाची. त्यांना मान मिळतो तोही त्याच कामाचा. दुसरं त्यांच्याकडे काही नाही. आणि आता त्यांच्याच मुलाच्या सहीनं, त्यांच्याच पलंगावर चढून, एक लाल ठिपका त्यांना सांगणार की तुम्ही चुकलात. ते मी होऊ देणार नव्हते. नाही.

तिपाईला मी स्वयंपाकघरात नेलं, चहा दिला (राग वेगळा, चहा वेगळा) आणि हे काय चाललं आहे ते सरळ भाषेत सांग म्हटलं. तिनं सांगितलं. जुन्या कागदांवर प्रत्येक घराची रुंदी अर्धी साखळी अशी लिहिली आहे. तू हुकूम दिलास की कागदावरचे आकडे संगणकात घाला, गल्लीच्या तोंडाच्या दगडापासून सुरुवात करा आणि एकापुढे एक घरं बसवत जा. तिनं तसं केलं. पण जमिनीवर प्रत्येक घर कागदापेक्षा चार बोटं रुंद निघालं. त्यामुळे झालं असं, की बाकावर दहा माणसं ऐसपैस बसली आहेत आणि पहिल्या टोकाकडून कुणीतरी म्हणालं, जरा इकडे सरका. पहिला चार बोटं सरकला, दुसरा आठ, आणि दहावा, म्हणजे आपण, एक मीटर सरकलो, आणि आपल्यामागे एक मीटरची पट्टी रिकामी उरली. ती कुणाचीच नाही, म्हणून सरकारची. त्या पट्टीत बाबांच्या खोलीचा पूर्वेकडचा भाग, खिडकी आणि दोन पाय आहेत. तिनं माझ्या हातात ठेवलेल्या तुझ्या नोटिशीत त्याला "शिल्लक क्षेत्रावरील बांधकाम" म्हटलं आहे आणि ते काढून घ्यावं असं लिहिलं आहे. पाय काढून घ्यायचे की भिंत, याचा खुलासा नाही.

मी तिला विचारलं, मग चूक कुणाची, कागदाची की जमिनीची. ती म्हणाली की मोजणीत चूक असा शब्द वापरत नाहीत, फरक म्हणतात. हे ऐकून माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी टंकलेल्या निकालांत अशा फरकापायी माणसं तुरुंगात गेली आहेत.

संध्याकाळपर्यंत अख्खी गल्ली आपल्या बैठकीत. (बैठक अजून आपली आहे. दोनदा खात्री करून घेतली.) सगळ्यांचं सगळं थोडं थोडं सरकलेलं. कुणाचा जिना शेजाऱ्याच्या मालकीचा, कुणाची मोरी पलीकडच्यांची, पाचव्या घराच्या विहिरीचा अर्धा भाग सहाव्याच्या वाट्याला गेलेला, तर पाणी आता कुणाचं हे कुणालाच सांगता येईना. दातांचे डॉक्टर तेवढे शांत होते, कारण मोजणी त्यांच्यापासून सुरू झाली आणि त्यांची फक्त चार बोटं गेली. ते म्हणाले की विज्ञानासमोर आपण नम्र असायला हवं. चार बोटांच्या किमतीत नम्र कुणीही होईल. घड्याळवाले मात्र माझ्याजवळ येऊन खालच्या आवाजात म्हणाले, "ताई, आमचं न्हाणीघर आता तुमच्यात येतं. उद्या सकाळी अंघोळीला आलो तर चालेल ना?" मी म्हटलं, पाणी तुमचं घेऊन या. एवढ्या वर्षांत त्या माणसाशी माझं सरळ बोलणं झालं नव्हतं (मांजर), ते तुझ्या उपग्रहानं घडवून आणलं, एवढं त्याचं एक चांगलं काम मी मान्य करते.

मग मीच ते सुचवलं. बाबांची साखळी आपल्या माळ्यावर अजून आहे. निवृत्त होताना कचेरीनं भंगारात काढली ती त्यांनी मागून घेतली होती. मी म्हटलं, तीच काढू, तीच टाकू, आणि रविवारी सकाळी सगळ्यांच्या देखत गल्ली पुन्हा मोजू. खरं काय ते जमिनीवर दिसेल. ठराव एकमतानं मंजूर झाला. डॉक्टरांनीही हात वर केला, कारण त्यांना आपण अल्पमतात असलेलं आवडत नाही. तिपाईला निरोप धाडला की ये आणि बघ.

साखळी काढताना जो आवाज झाला तो बाबांच्या कमी ऐकू येणाऱ्या कानांना स्वच्छ ऐकू आला. ते काठी टेकत बाहेर आले. मी सांगितलं की पाण्याची नवी नळी टाकायची आहे, लांबी बघतो आहोत. ते म्हणाले, मग मला खुर्ची द्या. खुर्ची फाटकापाशी ठेवली. आणि त्यानंतर तासभर, धाकट्या, मी जे बघितलं ते तू बघायला हवं होतंस, बघतो बघतो म्हणणाऱ्या माणसा. ज्यांना डाव्या बाजूला बसलेल्याचं बोलणं उजवीकडे ऐकू येत नाही, ते गल्लीच्या दुसऱ्या टोकाला डॉक्टरांच्या हातातली कडी वाकडी आहे हे ओरडून सांगत होते. "झोळ पडू देऊ नका. अहो, ओढू पण नका, दात नाही तो." घड्याळवाले पुढचं टोक धरून चालत होते, त्यांना "सरळ, सरळ, माझ्याकडे बघून" चाललं होतं. एक साखळी संपली की बाबा स्वतः बोट वर करायचे, दोन बोटं, तीन बोटं. त्यांचा आवाज मी इतका मोठा कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.

पाचवी साखळी टाकली. शेवटची कडी आपल्या पूर्वेच्या भिंतीच्या बाहेरच्या कोपऱ्याला टेकली. अलीकडे नाही, पलीकडे नाही. कोपऱ्याला. जिथे बाबांनी दगड पुरला होता तिथे.

गल्लीनं टाळ्या वाजवल्या. मी तिपाईकडे वळले आणि तिला अनुभव, प्रामाणिकपणा, लोखंड आणि आकाश या चार विषयांवर जे बोलायचं ते बोलले. कॉन्व्हेंटातला वक्तृत्वाचा पेला मला उगीच मिळाला नव्हता. ती बिचारी मान खाली घालून ऐकत होती. बाबांना आत नेलं, त्यांना दम लागला होता, पण चेहरा असा की जणू निवृत्तीचा निरोप समारंभ आत्ता झाला. मग तिपाई माझ्याजवळ आली आणि म्हणाली, एकदा ही साखळी घड्याळवाल्यांच्या मागच्या अंगणात माझ्या पोलादी फितीशेजारी ठेवू का. मी म्हटलं, ठेव की. ठेव.

वीतभर जास्त भरली.

तिनं सांगितलं ते असं. साखळीला शंभर कड्या, दर दोन कड्यांच्या मध्ये त्यांना जोडणारे छोटे गोल. वापरून वापरून प्रत्येक गोल केसाएवढा झिजतो, ओढून ओढून थोडा लांबतो, आणि असे शेकडो केस मिळून एक वीत होते. म्हणून कचेरीच्या आवारात नेमक्या अंतरावर पुरलेले दोन खुंट असत, साखळी अधूनमधून त्या खुंटांमध्ये टाकून तपासायची. ही साखळी गल्ली आखली तेव्हा आधीच लांब झालेली असणार. आणि आज त्याच साखळीनं तीच गल्ली मोजली, तर ती बरोबरच येणार. पाचाच्या जागी पाच. घड्याळवाल्यांनी वाकून साखळीची एक कडी बोटांत फिरवली. मग म्हणाले, "म्हणजे एकच घड्याळ घरात असलं, की ते नेहमी बरोबर असतं."

ज्या पट्टीनं रेघ काढली त्याच पट्टीनं ती तपासायची नसते, हे आम्हाला भूमितीच्या सिस्टरांनी दहाव्या वर्षी शिकवलं होतं. तुला हे आधी सुचायला हवं होतं, असं तू मला म्हणशील. म्हणू नकोस. माझ्या डोळ्यांपुढे तेव्हा भूमिती नव्हती, फाटकापाशी बोट वर केलेला माणूस होता.

तिपाई वाईट नाही, हे मी नाइलाजानं लिहिते. (ती काल पुन्हा आली होती, सुट्टी घेऊन, स्वतःच्या दुचाकीवरून.) तिनंच सांगितलं की तुमच्या नियमात एक वाट आहे. मूळ दगड जागेवर सापडले तर आकडे बाजूला ठेवून दगड मानायचे. दगड सापडले. दहाही घरांचे. एकावर तर घड्याळवाल्यांची बायको कपडे धुते. म्हणजे सगळ्यांच्या भिंती आहेत तिथे राहतात, न्हाणीघर घड्याळवाल्यांकडे परत जातं, बाबांचे पाय बाबांकडे येतात. फक्त हे मान्य करायचा अधिकार एकट्या वरिष्ठ अधिकाऱ्याला आहे, आणि त्यानं शेऱ्याच्या रकान्यात कारण लिहायला हवं. कारण असं, की मूळ मोजणीतली साखळी प्रमाणापेक्षा लांब होती. खाली मूळ मोजणीदाराचं नाव. आणि दहाव्या घराचा धारक म्हणून त्याच कागदावर बाबांची सही.

आता तू गप्प का बसला आहेस, हे मला कळलं. बाबा बरोबर असले तर त्यांची खोली पडते. खोली वाचवायची तर बाबा चुकले असं लिहायला हवं. तुला दोन्ही नको, म्हणून तू बघतोस. मोठा अधिकारी झालास, गाडी मिळाली, दारावर पाटी लागली, आणि एवढ्या एका शेऱ्यापुढे हात टेकलेस. दगड बाजूला टाकून आकड्यांवरून घरं बसवायचा हुकूम देताना तुला बाबांची आठवण झाली नाही, आणि तो दुरुस्त करताना मात्र बाबांची भीड आडवी आली. असा सोयीचा पितृभक्त मी दुसरा बघितला नाही.

म्हणून माझी मागणी. शुक्रवार, १९ ऑक्टोबर, सायंकाळी पाचच्या आत मला लेखी कळव की बाबांची मोजणी बरोबर होती, आणि बाबांची खोली आहे तशी राहील. दोन्ही. कसं ते तू ठरव, तुझ्याकडे उपग्रह आहेत. शनिवारी नकाशा कायम होतो आणि त्यानंतर हरकत घेतली जात नाही, हे मी वाचलं आहे. उत्तर तोंडी चालणार नाही. फोनवर चालणार नाही. "बघतो" हा शब्द कागदावर दिसला तर पत्र न वाचता परत येईल.

अजूनही तुझीच,
ताई

ता. क. : दोन्ही होत नाही, हे मला समजतं. मी रागीट आहे, मूर्ख नाही. तर असं कर. शेरा लिही. साखळी लांब होती असंच लिही, सौम्य शब्द शोधत बसू नकोस, त्यात वाक्यं लांबतात. पण तो कागद टपालानं घरी पाठवू नकोस आणि शिपायाच्या हातीही देऊ नकोस. सहीसाठी तू स्वतः ये. बाबांच्या पलंगाशी बस आणि तूच वाचून दाखव. मी तीनदा प्रयत्न केला. दोनदा दारातून परत आले आणि तिसऱ्यांदा आत जाऊन त्यांची उशी बदलून आले. न्यायाधीशांना तुमचं वाक्य चुकलं आहे असं तोंडावर सांगणारी बाई मी, मला हे जमत नाही. वरचं सगळं पत्र एवढ्यासाठी होतं. आता तेवढंच वाचलंस तरी चालेल.

ता. क. दुसरा, आणि हा नीट वाच : पाकीट घ्यायला बाबांच्या खोलीत गेले (पाकिटं तिथल्या कपाटात असतात), तर ते जागे होते. मला म्हणाले, टेलिफोनवाल्यांचं काय ठरलं? मी कपाटाचं दार लावून घेतलं. मग म्हणाले की गुडघ्यावर ठिपका आला तेव्हाच त्यांना कळलं होतं, तसा ठिपका मुंगी असत नाही. रविवारीही त्यांना माहीत होतं आपण काय मोजतो आहोत. त्यांना एकदा साखळी टाकलेली बघायची होती, म्हणून नळीचं मान्य केलं.

मग त्यांनी विचारलं, किती? मी सांगितलं, वीतभर.

"जास्त की कमी?"

"जास्त, बाबा. साखळी लांब होती. सगळ्यांना थोडी थोडी जमीन जास्त मिळाली."

 त्यांनी पांघरुणाची एक सुरकुती सरळ केली. मग म्हणाले, "मग ठीक आहे. कमी कुणाला दिली नाही." आणि कागद आण, सही करतो म्हणाले. शेरा त्यांनाच लिहायचा आहे, त्यांच्या अक्षरात. तू फक्त खाली सही कर.

हे सगळं इथे संपलं असतं आणि मी हे पत्र फाडून टाकलं असतं. पण नंतर त्यांना आठवू लागलं. ही गल्ली म्हणजे नुसती सुरुवात होती. त्याच साखळीनं त्यांनी पुढची सहा वर्षं काम केलं. बाजाराची रांग, दवाखान्याचं आवार, दोन्ही शाळा, स्टेशनाकडचा रस्ता, हे सगळं ते उशीला टेकून एकेक सांगत होते, आणि मी मोजणं सोडून दिलं. तुझी तिपाई यापुढे जिथे जिथे काठी उभी करील, तिथे तिथे शेवटच्या घरात कुणाचे तरी पाय निघणार आहेत. म्हणून एका गल्लीचा शेरा लिहू नकोस. सगळ्या शहरासाठी एकच लेखी हुकूम काढ, की दगड आधी, आकडे नंतर. घाई कर, कारण यादीत सगळ्यात शेवटी बाबांना जी इमारत आठवली ती मोजणी कचेरी आहे. तीही त्यांनीच आखली, एका टोकाकडून, त्याच साखळीनं. वरिष्ठ अधिकाऱ्यांची खोली दुसऱ्या टोकाला आहे ना? तुझी खुर्ची मागच्या भिंतीपासून किती अंतरावर आहे, ते फितीनं मोजून लेखी कळव. शुक्रवारी पाचच्या आत.